सगळ्यायचा रस्ता

काही माणसं कांदा-लसूण खात नाहीत. काही माणसं शनिवारी नखं कापत नाहीत. आमच्या शेजारच्या मुनेश्वर सिस्टर डांबरावर सायकल चालवत नाहीत.

यवतमाळसारख्या गावात हे पाळायचं म्हणजे खायचं काम नाही. आर्णी रोड ओलांडायची वेळ आलीच तर सिस्टर सायकलवरून खाली उतरतात, दुपट्टा डोक्याला घट्ट बांधतात, आणि तुंबलेलं गटार ओलांडावं तसं तोंड करून सायकल हातानं ढकलत पलीकडे जातात. मधे एखादा ट्रक आडवा आलाच तर त्याच्या ड्रायव्हरला वर मान करून विचारतात, "तू कायले आला इकडून?" आता ट्रक आर्णी रोडवरून येणार नाही तर काय आमच्या स्वयंपाकघरातून येणार? पण ड्रायव्हर बिचारा ओशाळतो. सिस्टरांच्या आवाजात तसं काहीतरी आहे. इंजेक्शन देऊन देऊन तो आवाज तयार झालाय.

भाजीबाजार आमच्या कॉलनीपासून सायकलनं दहा मिनिटांवर आहे. सिस्टरांना पाऊण तास लागतो. त्या नाल्याच्या काठानं निघतात, जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागतात, तिथून छोट्या आगगाडीच्या जुन्या लाइनीवर चढतात, आणि सगळ्या गावाला मागून वळसा घालून बाजारात शिरतात, तेही कोबीचा पाला फेकतात त्या बाजूनं. परत येईपर्यंत कोथिंबिरीनं मान टाकलेली असते. ती जुडी त्या आमच्या हिला दाखवतात आणि म्हणतात, पाहा, काय ताजी आहे. ही 'हो' म्हणते. सिस्टरांना 'नाही' म्हणायची आमच्या कॉलनीत पद्धत नाही.

त्यांची सगळी नोकरी झरी जामणीकडे गेली. जंगलातला तालुका. कोलामांच्या वस्त्या, ज्यांना तिकडे पोड म्हणतात, त्या टेकड्यांत विखुरलेल्या. सिस्टर लशींचा डबा कॅरिअरला बांधून पायवाटेनं सायकलवर जायच्या. लग्न झालं होतं, पण टिकलं नाही. त्याबद्दल त्या एकाच वाक्यात बोलतात, "त्यायले डांबरी रस्ता पाह्यजे होता." रिटायर झाल्यावर यवतमाळात लहानसं घर बांधलं, सायकल तीच आणली. काळी, उंच, लेडीज. घंटी मात्र नवी बसवली. गावात लोक ऐकत नाहीत म्हणे.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो साखरेमुळे. मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. दिवसभर उभा असतो, तरी डॉक्टरांनी साखर काढून दाखवलीच. व्यायाम करा म्हणाले. मी हौसेनं गिअरची सायकल घेतली आणि पहिल्याच सकाळी रोडवर काढली. कोपऱ्यावर सिस्टर उभ्या.

"भाऊ, कुठी चालले?"

मी म्हणालो, असाच, दारव्हा रोडनं जरा.

"त्या धुरात? साखर कमी कराले चालले का दम वाढवाले?" मग माझ्या सायकलकडे वरपासून खालपर्यंत पाहत त्यांनी ठरवून टाकलं. "चला माह्यासंगं. गाव दाखवते तुमाले."

मी म्हणालो, सिस्टर, माझा जन्म इथला आहे, गाव काय दाखवता? यावर त्या जे बोलल्या ते मला तेव्हा उद्धट वाटलं होतं. म्हणाल्या, तुम्ही गावाचं तोंड पाह्यलं, पाठ नाही पाह्यली. समोरून सगळेच पावडर लावून असतात.

आणि खरंच सांगतो, चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मी जे यवतमाळ पाहिलं नव्हतं ते त्या एका सकाळी पाहिलं. नाल्याकाठी बेशरमाची झाडं माणसाहून उंच. जिनिंगच्या मागं बाभळीवर उडून अडकलेला कापूस, जणू झाडाला म्हातारपण आलंय. छोट्या गाडीची लाइन तर मी विसरूनच गेलो होतो. गाडी बंद पडून जमाना झाला, रुळांवर माती चढली, आणि त्या मातीवर लोकांनी आपसूक एक वाट पाडलेली. काळी माती, उन्हानं तडकलेली, मधे मधे खडी. दोन्ही बाजूंना रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं. गाव इतकं जवळ की कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. त्या वाटेवर सायकलवाले होते, फिरायला आलेले होते, कापसाच्या पऱ्हाट्यांचे भारे डोक्यावर घेतलेल्या बाया होत्या, म्हशी होत्या. कोणी आखलेली नाही, कोणी बांधलेली नाही, तरी सगळे एकमेकांना सांभाळून चाललेले. मी भारावून काहीतरी बोलणार, इतक्यात सिस्टर संतापल्या.

त्यांचं हे असंच आहे. दृश्य कितीही सुंदर असो, त्यांना त्यात चूक दिसते, आणि चूक दिसली की त्या थांबतात, एक पाय जमिनीला टेकवतात आणि मला विचारतात, "मी म्हणते, हे बरोबर आहे का?" मी 'नाही' म्हणायचं. हे माझं काम. साखर कमी झाली ती पायडल मारून का मान हलवून, मला अजून ठाऊक नाही.

तर त्या दिवशी चूक अशी होती की एका मोठ्या बंगल्याच्या मागच्या भिंतीवरून कचऱ्याची पिशवी उडत आली आणि वाटेवर फुटली. समोरून त्या बंगल्याला संगमरवरी पाटी, झुलता दिवा, सगळं आहे. सिस्टरांनी पिशवीतलं सगळं गोळा केलं, केळीची सालंसुद्धा, पिशवीला गाठ मारली आणि चालत समोरच्या दारात गेल्या. मालक बाहेर आले. सिस्टर अतिशय अदबीनं म्हणाल्या, तुमचं काही सामान मागं पडलं होतं, आणून दिलं. मालकांनी पिशवी घेतलीसुद्धा. काय घेतलं हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत आम्ही नाल्यापर्यंत पोचलो होतो. मी मात्र पुढचे आठ दिवस त्या बंगल्यावरून तोंड लपवून जात होतो. चूक त्यांची, पिशवी त्यांची, आणि लाज मला.

वाटेवर त्यांचं ज्याच्याशी पटे असं कोणी नव्हतंच. फिरायला येणारे तीन गृहस्थ होते, मागच्या लेआउटमधले. हातात हात घालावा तसे शेजारी शेजारी चालायचे आणि ठरावीक जागी उभे राहून व्यायाम म्हणून मोठमोठ्यानं हसायचे. सिस्टर मागून घंटी वाजवत राहायच्या. "हासाचं तं घरी हासा नं बाप्पा. रस्ता सगळ्यायचा आहे, म्हणजे कोणाच्या बापाचा नाही." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोटारसायकलवाली पोरं आली तर त्या सायकल आडवी घालून उभ्या राहत आणि पोरांना आजार विचारत. तब्येत चांगली असून पाय कायले वापरत नाही, असा त्यांचा मुद्दा. पोरं गाडी वळवत.

पण सगळ्यांत मोठं युद्ध गमलीबाईंशी होतं.

गमलीबाई राठोड लाइनीच्या कडेच्या झोपड्यांत राहायच्या. मूळच्या दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरच्या, मुलगा इथं सेंट्रिंगच्या कामाला लागला म्हणून आलेल्या. वय सिस्टरांएवढं किंवा थोडं जास्त. दंडात बांगड्या, हातात बाभळीची काठी, आणि पुढे पंधरा-वीस बकऱ्या. त्या बकऱ्यांना घंटी कळत नसे. उलट घंटी वाजली की त्या सगळ्या एकदम थांबून सिस्टरांकडे पाहायच्या, कोण पाहुणी आली म्हणून. एका लहानशा मोरीजवळ वाट अरुंद होत होती. रोज सकाळी बरोबर तिथं दोघींची गाठ पडायची.

"तुह्या बकऱ्यायले काही शिस्त आहे का?" सिस्टर विचारायच्या.

"तुह्या सायकलले हाय का? माह्यी गाभण बकरी भेते तुह्या टणटणीनं," गमलीबाई म्हणायच्या.

आणि तिथून जे सुरू होई ते मी एक पाय जमिनीला टेकवून ऐकत उभा. बकऱ्यांनी झुडपं खाल्ली, सायकलीनं वाट खणली, कोण आधी आलं, कोणी बाजूला व्हायचं. गमलीबाई चिडल्या की त्यांच्या तांड्याच्या गोरबोलीत शिरत. ते काही आम्हाला कळत नसे. सिस्टर ओरडायच्या की शिव्या द्यायच्या तर मराठीत दे, मला समजल्या पाहिजेत. मग मधेच विषय बदलायचा. सिस्टर एका बकरीच्या खुराकडे पाहून म्हणायच्या, हे सडून राह्यलं, पोटॅश लाव. गमलीबाई म्हणायच्या, तू माणसायची नर्स, तुले बकरीचं काय समजते? दुसऱ्या दिवशी त्या बकरीच्या खुराला जांभळा डाग असायचा आणि भांडण पुढे चालू.

मला कॉलेजात उशीर व्हायचा. एकदा मी सुचवलं की आपण अर्धा तास आधी निघू, म्हणजे बकऱ्या लागणार नाहीत. सिस्टरांनी ऐकलं. त्या दिवशी वाट मोकळी मिळाली, आम्ही सुसाट बाजारापर्यंत गेलो, आणि सिस्टर दिवसभर माझ्यावर घुस्सा होत्या. हे काय फिरणं झालं का, म्हणाल्या.

मग दिवाळीनंतर ते फाटक बसलं.

आता मी शांत माणूस आहे, ॲसिडच्या बाटल्या सांभाळणाऱ्यानं शांतच असावं लागतं, पण ते फाटक आठवलं की अजूनही माझं रक्त उकळतं. मागच्या लेआउटच्या लोकांनी सुशोभीकरण समिती काढली. अध्यक्ष कोण, तर त्या तीन हसणाऱ्यांतला सगळ्यांत जोरात हसणारा. समितीनं मोरीपासून बाजाराच्या बाजूपर्यंत रंगीत गट्टू, म्हणजे फरसबंदीच्या विटा, बसवले, दोन सिमेंटचे बाक टाकले, दोन्ही टोकांना लोखंडी फाटक लावून कुलपाच्या चाव्या लेआउटमध्ये वाटल्या, आणि फाटकावर पाटी ठोकली. 'हा मार्ग केवळ नागरिकांच्या चालण्यासाठी आहे. सायकल, जनावरे व लाकूडफाटा नेणाऱ्यांस सक्त मनाई.' जमीन कोणाची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. वाट मात्र चालून चालून ज्यांनी पाडली त्यांनाच बाहेर काढलं. भारा डोक्यावर घेतलेली बाई नागरिक नाही, हे आम्हाला त्या पाटीमुळे कळलं.

सिस्टरांनी ती पाटी दोनदा वाचली. मी तयारच होतो 'नाही' म्हणायला. पण त्यांनी मला काही विचारलंच नाही. सायकल वळवली आणि घरी गेल्या.

रविवारी समितीची बैठक होती, अध्यक्षांच्या गच्चीवर. सिस्टर गेल्या, मला घेऊन गेल्या. मला वाटलं, आता सायकलीवर भाषण होणार. पण अध्यक्ष हुशार माणूस. त्यांनी सिस्टरांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि गोड आवाजात सांगितलं की सिस्टर, तुम्ही आयुष्यभर सेवा केली, नियम तुमच्यासाठी नाही. असं म्हणून त्यांनी खिशातून फाटकाची चावी काढून सिस्टरांच्या पुढ्यात ठेवली. एक तुमच्याकडे राहू द्या, म्हणाले. तुमच्या या भाऊंनाही चालेल.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी हातही थोडा पुढे केला होता.

सिस्टरांनी चावी उचलली, उलटसुलट करून पाहिली. म्हणाल्या, "ही माह्यी झाली. बकऱ्यायची कुठी आहे?"

एकानं हसून पाहिलं, पण जमलं नाही. अध्यक्ष म्हणाले, सिस्टर, शेळ्या घाण करतात, लेंड्या पडतात, आमच्या घरच्या बायका सकाळी त्या बाजूनं फिरतात.

"लेंड्याची घाण होते तुमाले?" सिस्टर उठून उभ्या राहिल्या. मग जे बोलल्या ते सगळं इथं लिहिता येणार नाही. कोणाच्या मागच्या भिंतीवरून काय काय पडतं, कोणत्या दिवशी पडतं, कोणाच्या घरी औषधांच्या कोणत्या बाटल्या रिकाम्या होतात, हे त्यांना पाठीमागून सगळं ठाऊक होतं. पुष्कळ जण गच्चीच्या कठड्याकडे पाहू लागले. शेवटी त्यांनी चावी चहाच्या बशीत ठेवली. म्हणाल्या, "मी लुगड्याच्या झोळीतून बाळंतिणी आणल्या अशा वाटेनं. एका बाईनं म्हटलं नाही का ही वाट माह्यी आहे. तुमी चार गट्टू काय बसवले, नागरिक झाले."

आम्ही खाली उतरलो. जिन्यात मी म्हणालो, सिस्टर, चावी ठेवून घ्यायला हरकत नव्हती. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की घरापर्यंत मी दोन हात मागून चाललो.

दुसऱ्या दिवसापासून त्या मोरीकडच्या फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसू लागल्या. घोषणा नाही, फलक नाही. जो नागरिक चालायला येई त्याला त्या थांबवून तब्येत विचारत, आणि मग तिथून सुरू. बीपी किती, गोळ्या वेळेवर घेता का, सून जेवायला देते का, मुलानं फोन केला का. सगळं मोठ्या आवाजात. आठवडाभरात नागरिकांची संख्या निम्म्यावर आली. एके सकाळी अध्यक्ष स्वतः आले, त्यांनाही बीपी विचारलं गेलं, आणि त्याच संध्याकाळी दोन्हीकडची कुलुपं निघाली. पाटी राहिली, पण तिच्याकडे आता कोण पाहतं?

मला वाटलं, जिंकलो. सकाळी मोठ्या ऐटीत आम्ही लाइनीवर गेलो. भाऱ्यावाल्या बाया परत आल्या होत्या, म्हशी आल्या होत्या. मोरीपाशी सिस्टर थांबल्या. वाट रिकामी होती. थोडा वेळ थांबून आम्ही पुढे गेलो. दुसऱ्या दिवशीही रिकामी. तिसऱ्या दिवशी त्या सायकल स्टँडला लावून मोरीच्या कठड्यावर बसल्या. मी घड्याळ पाहिलं, ते त्यांना दिसलं, तरी रागावल्या नाहीत.

त्या म्हणाल्या, "भाऊ, झरीले मी दार लावतच नव्हती. लावलं तरी कोणी राहू देत नव्हतं. कवाही हाका. सिस्टर चला, सिस्टर चला. मले राग येये तेव्हा, जेवू तरी द्या म्हणे मी." मग म्हणाल्या, "इथं तीन वर्सं झाले. सिलिंडरवाला सोडून माह्यं दार कोणी नाही वाजवलं."

मी शेजारी राहतो. आमच्या हिनं पाठवलेली भाजीची वाटीसुद्धा मी नेहमी कंपाउंडवरून दिलेली.

मग त्या उठल्या आणि झोपड्यांच्या दिशेनं चालू लागल्या. मी दोन्ही सायकली घेऊन मागं.

गमलीबाईंचं घर पत्र्याचं, शेवटचं. दारात त्या बसलेल्या होत्या, पाय लांब करून, हात मांडीवर. काठी कुठं दिसली नाही. मुलगा कामावर निघत होता. त्यानंच हळू आवाजात सांगितलं. फाटक लागल्यावर बकऱ्या मोठ्या रोडनं न्याव्या लागत, गाड्यांचा भरवसा नाही, आईला धावणं होत नाही. म्हणून दिग्रसच्या बाजारात नेऊन विकून टाकल्या. तेव्हापासून याडी, म्हणजे आई, काही बोलतच नाही, म्हणाला. जेवते, झोपते, दारात बसते. एवढं सांगून तो गेला.

सिस्टर गमलीबाईंच्या समोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मायेनं दोन शब्द बोलतील.

"येत काहून नाही तू?"

गमलीबाईंनी मान वर केली. म्हणाल्या, "बकऱ्या नाही राह्यल्या. कायले येऊ?"

"फाटक उघडलं मी."

"उघडलं तं उघडलं. येऊन काय करू?"

सिस्टरांनी दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग खाली पाहत म्हणाल्या, "भांडू."

शेजारच्या घरात कोणीतरी भाकरी थापत होतं. गमलीबाईंनी चौकटीला हात लावला आणि उठायला सुरुवात केली. गुडघे साथ देईनात. सिस्टरांनी सवयीनं त्यांच्या काखेत हात घातला, तो त्यांनी झटकून टाकला.

"हात कायले लावतं? मी काय तुह्यी पेशंट हाय?"

सिस्टर झटकन माझ्याकडे वळल्या. रागानं त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि डोळे भरले होते.

"पाह्यलं, भाऊ? मी म्हणते, बोलाची ही काय पद्धत झाली का?"

मी 'नाही' म्हणायच्या आत दोघी लाइनीला लागल्या होत्या. सायकल त्यांनी माझ्याकडेच टाकली होती. मी दोन हँडलं दोन हातात धरून त्यांच्या मागं निघालो. कॉलेजात उशीर झालाच.